टॅबले ऊन लागलं

विमान मी आजवर एकदाही चुकीच्या धावपट्टीवर उतरवलेलं नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. जमिनीवर मात्र माझा काही नेम नाही. मागे एकदा लग्नाला म्हणून निघालो आणि शेजारच्या लॉनवर चाललेल्या दुसऱ्याच लग्नात आहेर देऊन, जेवून, वर पान खाऊन घरी आलो. पाय मुरगळल्यामुळे बायको घरीच होती. नवरी कशी दिसत होती, तिनं विचारलं. मी म्हणालो, चांगली उंच आहे. ज्या मुलीच्या लग्नाला मला धाडलं होतं ती पाच फुटांचीसुद्धा नव्हती.

तर असा मी नागपुरातल्या एका लहानशा कंपनीत कॅप्टन आहे. आमची विमानं दोन पंख्यांची, आठ-नऊ माणसं बसतील एवढी. कोणाला रायपूरला कारखान्यात मिटिंग असते, कोणाला जबलपूरला. आम्ही नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. मिहानच्या बाजूला हँगर, रामदासपेठेत ऑफिस आणि सक्करदऱ्याला माझं घर.

विमान चालवणाऱ्याला चार्ट लागतात. म्हणजे प्रत्येक विमानतळाचा वेगळा नकाशा, वहीच्या अर्ध्या पानाएवढा, पातळ कागदावर छापलेला. कोणत्या बाजूनं यायचं, कुठं किती उंचीवर असायचं, टेकडी कुठं, टॉवर कुठं, आणि किती खाली येईपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर मुकाट्यानं पुन्हा वर जायचं, हे सगळं त्या एका पानात असतं. अशी शेकडो पानं सात कड्यांच्या दोन जाडजूड फाइलींत घालून आम्ही जन्मभर वाहिली. आमच्या पिढीतला पायलट पाठमोरा चालतानाही ओळखू येतो. त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा दोन बोटं खाली असतो.

पण खरा वैताग वजनाचा नव्हे, पानं बदलण्याचा. कुठं नवा टॉवर उभा राहतो, कुठं धावपट्टी लांबते, म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी नव्या पानांचं पाकीट येतं. जुनं पान काढायचं, नवं घालायचं. प्रत्येक पानाच्या खाली तारीख असते, ती जुळवायची. हे काम ज्याचं त्यानं करायचं असतं. आमच्या घरात ते वीस वर्षं बायकोनं केलं.

ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे आकड्यांशी तिचं भांडण नाही. पाकीट आलं की रविवारी दुपारी ती जेवणाचं टेबल पुसून घ्यायची, कूलर बंद करायची आणि बसायची. कूलर बंद, कारण तो कागद इतका पातळ की हवेनं उडतो. मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन तास कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. मी शेजारच्या खोलीत, दुसऱ्या कूलरसमोर झोपलेला असायचो.

तिची पद्धत ठरलेली. काढलेल्या प्रत्येक जुन्या पानावर लाल पेन्सिलनं मोठी फुली. फुली मारल्याशिवाय पान टेबलावरून खाली जायचं नाही. फुली मारलेली पानं मग स्वयंपाकघराच्या मालकीची. डब्यांखाली अंथरायला, फोडणीच्या कढईचं तेल पुसायला, आणि उन्हाळ्यात माझा कांदा गुंडाळायला. ऊन लागू नये म्हणून घराबाहेर पडताना जवळ कांदा ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. विज्ञान काय म्हणतं ते मला ठाऊक नाही. वीस हजार फुटांवर, बाहेर हाडं गोठतील अशी थंडी असताना माझ्या बॅगेत कांदा असतो, आणि मला आजवर तिथं कधी ऊन लागलेलं नाही.

मग टॅब आले.

कंपनीनं ठरवलं की आता कागद नाही, सगळे चार्ट टॅबमध्ये. प्रत्येक पायलटला एक, म्हणजे विमानात दोन. नवी पानं आपोआप येणार, जुनी आपोआप जाणार. हे सगळं मार्गी लावायचं काम दिलं माझ्याबरोबर उडणाऱ्या को-पायलटला. ती काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागवाल्याची मुलगी. तिशी ओलांडलेली, बोलणं मोजकं, आणि हात असे स्थिर की ती विमान उतरवते तेव्हा मागचा माणूस झोपेतून उठत नाही. तिच्या खांद्यावर तीन पट्ट्या होत्या. चौथी पट्टी कॅप्टनची. ती मिळायला हवी होती त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. दर वेळी काहीतरी निघायचं आणि तिची पाळी पुढं जायची. या खेपेला ऑपरेशन्स बघणाऱ्या साहेबांनी तिला शब्द दिला होता की टॅबची सरकारी परवानगी आली की तू कॅप्टनच्या ट्रेनिंगला. त्याआधी नाही, कारण तू गेलीस तर हे काम करेल कोण?

परवानगी मिळायला सहा महिन्यांची परीक्षा होती. या काळात टॅबही वापरायचे आणि कागदी फाइलीही सोबत ठेवायच्या. प्रत्येक उड्डाणानंतर कॅप्टननं एक फॉर्म भरायचा. टॅब आपल्या दोषानं बंद पडल्याची एक जरी नोंद झाली, तर सहा महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

या टॅबला विरोध करणाऱ्यांचा पुढारी कोण होता, हे सांगायला नको. पहिल्या मिटिंगमध्ये मी उभा राहून भाषण केलं. कागद कधी हँग होत नाही, कागदाला चार्जिंग लागत नाही, वगैरे. मग बाकीच्या दोन बुजुर्ग कॅप्टनांकडं बघून म्हणालो, "थंडीत ठीक आहे. मे महिन्यात याले ऊन लागन, तेव्हा काय कांदा बांधाल का त्याच्या गळ्यात?"

सगळे हसले. ती नाही हसली. तिनं शांतपणे सांगितलं की सर, म्हणूनच परीक्षा डिसेंबर ते मे ठेवली आहे. आणि उन्हासाठी तिनं नियम केले होते. विमान जमिनीवर उभं असताना टॅब बॅगेतच ठेवायचा. काचेजवळच्या स्टँडवर इंजिन सुरू झाल्यावरच लावायचा. गरम झालाच तर सावलीत उघडा ठेवायचा, बाकी काही करायचं नाही. असे सोळा नियम, आणि खाली प्रत्येक पायलटची सही. मी सही केली. वाचले असं म्हणालो नाही, सही केली.

पहिले पाच महिने मी तिला पुष्कळ छळलं. बोटाला थुंकी लावून पान उलटायची माझी सवय, ती टॅबवरही जाईना. ती आपली रोज माझ्या टॅबची काच पुसायची. एकदा मी चुकून अख्ख्या टॅबची भाषा बदलली आणि ती कुठली भाषा आहे हे आम्हा दोघांनाही कळेना. पण तिनं कधी आवाज चढवला नाही. आणि खरं सांगायचं तर टॅब एकदाही बंद पडला नाही. एप्रिल गेला, मे सुरू झाला, पारा पंचेचाळीसच्या वर गेला, तरी नाही. मला थोडं वाईटच वाटायला लागलं होतं.

मेच्या सुरुवातीला बायको दहा दिवस बहिणीकडं अमरावतीला गेली होती. नेमकं त्याच आठवड्यात पाकीट आलं. फोनवर ती म्हणाली, मी येईपर्यंत हात लावू नका. पण मी नोकरीत मुरलेला कॅप्टन. मी टेबलावर बसलो, लाल पेन्सिल घेतली आणि अर्ध्या तासात काम संपवलं. कूलर बंद केला नव्हता. दोन-तीनदा पानं उडाली, मी ती गोळा केली. ती परत आल्यावर मी तिला फाइली दाखवल्या. तिनं वरवर चाळल्या आणि गप्प राहिली. गप्प राहिली म्हणजे खूश आहे, असा मी अर्थ काढला. लग्नाला तीस वर्षं झाली तरी मी हा अर्थ काढतो.

परीक्षेचा शेवटचा आठवडा उरला. दुपारी रायपूरला तीन जणांना न्यायचं होतं. ते जेवणात अडकले आणि आम्ही विमानात. इंजिन बंद, दार उघडं, आत भट्टी. ती खाली उतरून विमानाभोवती तपासणीची चक्कर मारत होती. मला वाटलं, आज शेवटचा आठवडा आहे, पोरीनं इतकी मेहनत घेतली, एकदा तरी आपण होऊन टॅब वापरतो हे तिला दिसू दे. म्हणून मी टॅब बॅगेतून काढला आणि काचेजवळच्या स्टँडवर लावला. भर उन्हात. ती परत येईल तेव्हा टॅब जागेवर बघून खूश होईल, हा हेतू. एवढा चांगला हेतू माझ्या मनात क्वचित येतो.

दहा मिनिटांत टॅब काळा झाला. मधोमध थर्मामीटरचं चित्र. हात लावला तर चटका.

मी हादरलो. पाच महिने मी ज्या गोष्टीची वाट बघत होतो ती माझ्याच हातून झाली होती. काही सुचेना. आणि माणसाला सुचेनासं झालं की तो लहानपणी आईनं जे केलं तेच करतो. ऊन लागलेल्या माणसाचं आपण काय करतो? डोक्यावर ओला कपडा. मी बाटलीतलं पाणी नॅपकिनवर ओतलं, जरासं पिळलं, आणि टॅब नीट गुंडाळून मांडीवर घेतला. वर माझ्या वहीनं वाराही घातला. पाच मिनिटांनी नॅपकिन काढला तर टॅब जिवंत. रायपूरचा चार्ट झळझळीत. मी काच पँटला पुसली, नॅपकिन खुर्चीच्या दांड्यावर वाळत टाकला आणि टॅब जागेवर लावला. ती आत आली, टॅबकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच म्हणाली, "वा, सर." तेवढ्यात पाहुणे आले आणि आम्ही निघालो.

रायपूर जवळ आलं, खाली यायला लागलो. विमान माझ्या हातात होतं. टॅबच्या कव्हरच्या फटीतून पाण्याचा एक थेंब निघाला आणि काचेवरून सावकाश ओघळला. थेंब जिथं जाईल तिथं टॅबला बोट लागल्यासारखं वाटत होतं. चार्ट आधी लहान झाला. मग एवढा मोठा झाला की पडद्यावर फक्त एक टेकडी उरली. मग जबलपूर उघडलं. मग टॅबनं मला विचारलं की तुम्हाला सगळं पुसून टाकायचं आहे का?

"सर, तुमचा बंद करा," ती म्हणाली. "माझा बघा."

तिचा टॅब तिच्या नियमांप्रमाणे इंजिन सुरू होईपर्यंत बॅगेत होता, त्याला काही झालेलं नव्हतं. आकाश स्वच्छ होतं, धावपट्टी दुरून दिसत होती, धोका म्हणावा असं काही नव्हतं. पण मी एवढ्यावर थांबलो तर मी कसला. मी तिला सांगितलं की जरा कागद काढ, शेवटी कागदच कामाला येतो. तिनं फाइल उघडली, रायपूरचं पान काढलं, आधी खालची तारीख वाचली.

"सर, हे पान जुनं आहे."

मी म्हणालो, शक्यच नाही, माझी बायको या बाबतीत कधी... आणि वाक्य तिथंच सोडून दिलं. कारण मला जेवणाचं टेबल आठवलं आणि उडणारी पानं आठवली. तिनं फाइल मिटली, आपल्या टॅबवरून उंचीचे आकडे एकेक करून वाचले, आणि मी ते ऐकत विमान उतरवलं. चांगलं उतरवलं. उगाच नाही सांगत.

पाहुणे मिटिंगला गेले. आम्ही पंखाखाली सावलीत डबे घेऊन बसलो. मी बॅगेतून माझा कांदा काढला. तसा तो संध्याकाळपर्यंत बॅगेत राहायचा असतो, पण मला त्या क्षणी काहीतरी फोडायचं होतं. कागद बाजूला टाकला, बुक्कीनं कांदा फोडला, अर्धा तिच्यापुढं केला. तिनं कांदा घेतला नाही. ती कागदाकडं बघत होती. मग तो उचलून मांडीवर सरळ केला.

रायपूरचा चार्ट होता. खाली नवी तारीख. आणि वर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, माझ्या हातची लाल फुली.

बरं, मला वाटलं आता ती हसेल, मग मीही हसेन, आणि विषय तिथंच संपेल. ती हसली नाही. तिनं त्या कागदाची नीट घडी घातली आणि माझ्याकडं दिली. मग विचारलं, "सर, टॅब ओला कसा झाला?"

नॅपकिन वर खुर्चीच्या दांड्यावर वाळत होता. ती अर्ध्या तासापूर्वी त्याच खुर्चीशेजारी बसली होती. तरी मी म्हणालो, घामानं असेल.

"फॉर्म कॅप्टननं भरायचा असते," ती म्हणाली. "तुम्ही लिहाल ते." एरवी ती माझ्याशी शाळेतलं मराठी बोलते. बोली गावाकडं वळली की समजायचं, आतून काहीतरी तुटलं आहे. परतीच्या पूर्ण प्रवासात ती कामापुरतं बोलली.

मी स्वतःवर पुष्कळ हसतो, हे या लेखावरूनही दिसत असेल. पण त्यात एक लबाडी आहे. विषय मी निवडतो. लॉनवरचं लग्न मी हजार वेळा सांगेन. ओला नॅपकिन मात्र मला सांगायचा नव्हता, कारण ज्या मिटिंगमध्ये मी कांद्याचा विनोद केला होता त्याच मिटिंगमधले लोक तो ऐकणार होते.

आणि लिहायला सोपं वाक्य समोर होतं. अति तापमानामुळे टॅब बंद पडला. खोटं कुठं होतं त्यात? पडला होता ना बंद, तापमानामुळेच. टॅब बंद पडल्याचं मी उतरल्यावर ऑफिसला कळवलं होतं. संध्याकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांनी तर ते वाक्य तयारच ठेवलं होतं. साहेबांना स्वतःलाही टॅब फारसे आवडत नव्हते. ते म्हणाले, नागपूरच्या उन्हात ही उपकरणं काही खरी नाहीत, आम्ही म्हणतच होतो. उन्हानं बंद पडला एवढं लिहून द्या, बात खतम. तिचं काय, मी विचारलं. ते म्हणाले, काय होते, अजून सहा महिने. आत्ताशी तर कुठं तिशीत आहे ती.

घरी आलो, कूलरसमोर बसलो, आणि बायकोला सगळी हकीकत सांगितली. चांगली रंगवून सांगितली. टॅबनं पुसून टाकायचं विचारलं तिथं ती हमखास हसेल असा अंदाज होता. ती ऐकत राहिली. मग मी शेवटचा पत्ता टाकला. म्हणालो, एका अर्थी बरंच झालं, आता कागद राहील, तुझी पानं राहतील. वीस वर्षांचं तुझं काम असं एका फटक्यात बंद व्हावं हे मलाच सहन होत नव्हतं.

ती उठली आणि कूलर बंद केला. खोलीत एकदम शांतता झाली.

"मले कोणी विचारलं होतं का जी?" ती म्हणाली. "वीस वर्षं पानं बदलून राहिली मी, ते काय मले आवडते म्हणून? तुम्ही बदलले तर चुकाल, आन् वर गेल्यावर समजन, या भेवानं बदलून राहिली. दर अठ्ठावीस दिवसांनी दोन दिवस मले झोप लागत नाही. एखादं पान राहिलं तर, एखादी तारीख चुकली तर. तो टॅब आपोआप बदलते म्हणता ना? मग येऊ द्या ना त्याले. काहून अडवता?"

तीस वर्षांत पहिल्यांदा मला तिच्या आधीच्या गप्प राहण्याचा बरोबर अर्थ लागला होता. फाइली तिनं चाळल्या होत्या खऱ्या, पण मला राग येईल म्हणून पान-पान तपासल्या नव्हत्या. आणि त्या दिवशी सकाळी तिनंच त्या फुलीवर विश्वास ठेवून त्या पानात कांदा गुंडाळला होता. हे आमच्या दोघांच्याही लक्षात एकदमच आलं असावं, कारण तिनं माझ्या हातातला तो घडी घातलेला कागद काढून घेतला, उघडला आणि फुलीवर बोट ठेवलं.

"आन् त्या पोरीची चौथी पट्टी?" ती म्हणाली. "ते बी तुमच्याच फुलीनं जाईन का?"

फॉर्म मी तिथंच, घामाच्या धारांत, जेवणाच्या टेबलावर भरला. तिनं कूलर सुरू करू दिला नाही. मीही म्हटलं नाही. टॅब नियमाविरुद्ध उन्हात ठेवला, मी. नियम वाचले नव्हते, मी. ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळला, मी. विचारल्यावर घाम सांगितला, तोही मीच. कागदी फाइलीत जुनं पान, त्यालाही कारण मीच, आणि नवं पान कांद्याला गुंडाळलेलं होतं हेसुद्धा लिहिलं, पुरावा म्हणून ते पान जोडलं. को-पायलटचा टॅब नियमांप्रमाणे ठेवला होता आणि पूर्ण वेळ चालू होता. शेवटी 'बिघाडाचे कारण' असा एक रकाना होता. त्यात पुष्कळ विचार करून लिहिलं, टॅबला ऊन लागले नव्हते, कॅप्टनला लागले होते.

दुसऱ्या दिवशी रामदासपेठेत साहेबांनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. त्याला कांद्याचा वास येत होता. हे असंच पुढं पाठवायचं का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो. त्यांनी मला सांगितलं की तुम्हाला चार दिवस उडता येणार नाही आणि टॅबचं ट्रेनिंग पुन्हा घ्यावं लागेल. मी तेही हो म्हणालो. तोवर ती बातमी खालच्या चहावाल्यापर्यंत पोचली होती. मी बाहेर पडलो तर त्यानं चहासोबत अर्धा चिरलेला कांदा पुढं ठेवला.

ट्रेनिंग तिनंच घेतलं. एका खोलीत मी एकटा विद्यार्थी, समोर ती. सोळा नियम तिनं मोठ्यानं वाचून दाखवले आणि प्रत्येकापुढं मला सही करायला लावली. मग एक नवं पान काढलं. त्यावर सतरावा नियम होता. टॅबवर ओला कपडा, बर्फ, वाळा किंवा इतर कोणताही घरगुती उपचार करू नये. मी विचारलं, कांदा राहिला का? ती म्हणाली, "तो 'इतर'मध्ये आला, सर." एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं. खांदे हलत होते, त्यावरून कळलं की हसते आहे. मी रायपूरच्या पंखाखाली ज्या हसण्याची वाट बघितली होती ते असं आठवडाभर उशिरा आलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "घाम म्हणाले नं तुम्ही, ते लागलं मले. नॅपकिनचं काही नाही."

बिघाड टॅबचा नाही, माणसाचा, असा निकाल झाला. सहा महिने पहिल्यापासून मोजावे लागले नाहीत. परवानगी आली आणि ती ट्रेनिंगला गेली.

फाइली आता घरी आहेत, माळ्यावर. पानं स्वयंपाकघरात एकेक करून संपत आहेत. दर अठ्ठावीस दिवसांनी टॅबमध्ये नवे चार्ट येतात तेव्हा बायको शेजारी येऊन उभी राहते आणि मला तारीख मोठ्यानं वाचायला लावते. झोप लागते का, मी विचारलं. लागते, म्हणाली, पण वाचा.

पुढच्या उन्हाळ्यात त्या पोरीचं कॅप्टन म्हणून पहिलं उड्डाण होतं. खांद्यावर चार पट्ट्या, डावीकडची खुर्ची तिची. तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून मला उजवीकडं बसायचं होतं. सकाळी मी निघालो तर बायको दारात दोन कांदे घेऊन उभी. दोन्ही चार्टच्या पानांत गुंडाळलेले, पानांवर तिच्या हातच्या फुल्या. एक मोठा होता, एक लहान.

"हा कॅप्टनचा," ती म्हणाली, आणि मोठा पुढं केला.

मी हात पुढं केला.

"तुमचा नाही जी," ती म्हणाली. "तिचा. तिले द्याल."